अर्ध्यावर बंद पाडलेलं गाणं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ऑक्सफर्डच्या रेडिओहेड या बँडच्या 'क्रीप' या गाण्यावर आलेला लेख काल वाचला. असल्या गाण्याची जन्मकथा मराठीत वाचायला मिळाली, त्याबद्दल लेखकाचे आभार. पण शेवटचा परिच्छेद वाचून डोकं फिरलं. आमच्या खेड्यापाड्यांत या संगीताला कान नाहीत आणि इकडची पोरं गिटार हातात घेतात ती मोबाइलवर पाहिलेल्याची नक्कल करायला, हे लेखकाने कोणत्या गावात जाऊन ठरवलं? यवतमाळ जिल्ह्यात मंडप आणि साउंडचा धंदा करण्यात माझी हयात गेली. भागवत सप्ताहापासून प्रचारसभेपर्यंत लोक काय ऐकत बसतात आणि कशाला उठून जातात, हे मी मिक्सरमागे बसून पाहत आलो आहे. म्हणून लिहितो.

हे गाणं आल्या आल्या गाजलं, असं लेखात आहे. तसं झालेलं नाही. सप्टेंबर १९९२मध्ये इंग्लंडात ते पहिल्यांदा निघालं तेव्हा खपाच्या यादीत ७८व्या क्रमांकावर अडकलं. बीबीसीच्या रेडिओ वनला ते फार उदास वाटलं. पुढे इस्रायलच्या रेडिओवर एका निवेदकाने ते लावून धरलं, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्टेशनने उचललं, आणि १९९३मध्ये तेच गाणं इंग्लंडात पुन्हा काढलं तेव्हा सातव्या क्रमांकावर गेलं. चाल तीच, वाजवणारे तेच. पहिल्या वेळी ऐकून घेणारे नव्हते, एवढाच फरक.

राहिली नक्कल. हे लोक चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत दुसरीच गाणी रेकॉर्ड करायला गेले होते. 'क्रीप' त्यांनी सहज वाजवलं, तर निर्मात्यांना ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. पुढे 'द एअर दॅट आय ब्रीद' या जुन्या गाण्याशी ते जुळतं म्हणून त्याच्या दोन्ही गीतकारांची नावं श्रेयात घालावी लागली. तरी ऑक्सफर्डच्या त्या पोरांना कुणी नकलाकार म्हणत नाही, म्हणूही नये. मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलं?

आणि कोरसच्या आधीचे गिटारचे ते फटके हा अपघात नव्हता. त्यांच्या गिटारवाल्याला, जॉनी ग्रीनवूडला, गाणं फार मिळमिळीत वाटत होतं, म्हणून तो मुद्दाम तारांवर जोरात हाणत होता. निर्मात्यांनी ते फटके काढून टाकले नाहीत. आज गाणं ओळखलं जातं ते त्या फटक्यांवरून. हे मी अशासाठी सांगतो की आमच्या गावच्या पोरांच्या गाण्यात असाच एक आवाज आहे, आणि तेवढ्यावरून त्यांचं गाणं मारलं गेलं.

चार पोरं आहेत. एक कृषी सेवा केंद्रात कामाला, एक काळी-पिवळी चालवतो, एक भरतीची तयारी करतो. चौथा ड्रमवर बसतो, तो लहानपणापासून भजनी मंडळात खंजिरी वाजवत आला. तुकडोजी महाराजांची खंजिरी कानावर पडत वाढलेल्या मुलुखाला ठेका कळत नाही, हे ऐकून घेणं कठीण जातं. गाणं त्यांचं स्वतःचं आहे, वऱ्हाडीत. २०१७च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यावर ते गाणं आहे. 'बाप गेला फवारनीले, घरी आला नुसता वास', ही त्याची पहिली ओळ.

रेकॉर्डिंग माझ्या गोडाउनात झालं. आवाज घुमू नये म्हणून चहूबाजूंनी गाद्यांच्या आणि सतरंज्यांच्या थप्प्या लावल्या. शेतातल्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडायचं आणि अँपमधून सारखा हम, म्हणजे घूं-घूं आवाज, यायचा. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं, थोडा कमी झाला, पण गेला नाही. शेवटी मध्यरात्रीनंतर गाव निजल्यावरच वाजवायचं ठरलं. गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं, गिटारवाला डाव्या हाताने तारा दाबून धरतो, डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करायचं बटण) पूर्ण उघडतो आणि तीनदा ओरबाडतो. पेट्रोलचा फवारणी पंप दोरी ओढल्यावर दोनदा फुरफुरून तिसऱ्यांदा धरतो, हुबेहूब तसा तो आवाज आहे. तालमीच्या वेळी शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'एवढ्या राती पंप कोनं लावला रे?' कान नसलेल्या खेड्यातली ही म्हातारी. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

तालुक्याच्या गावी गेल्या वर्षी एका उत्सवात पोरांना दोन गाणी म्हणायला सांगितली होती. साउंड माझाच होता. पहिलं गाणं मध्यावर आलं, तो आवाज निघाला आणि आयोजकांपैकी एक जण मिक्सरजवळ येऊन म्हणाला, 'हे रडगाणं बंद करा, डीजेचं गाणं लावा.' मी फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला, हात लावायला नकार दिला. तेव्हा त्यांनी मागे जाऊन जनरेटर बंद केला. अंधारात पोरं माईक हातात धरून उभी राहिली. डाव्या बाजूला बाया बसल्या होत्या, त्यांच्यातूनच पहिला आवाज आला, 'काऊन बंद केलं? चांगलं म्हनत होते ना!' पुढच्या माणसांनीही तोच आवाज उचलला. कार्यक्रम संपल्यावर कितीतरी माणसं माझ्याकडे येऊन ते गाणं मोबाइलवर मागून घेऊन गेली. त्यात फवारणीला जाणारी माणसं होती.

आता तुमच्याबद्दल. दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरात तालुक्याच्या पानावर बातमी आली की, उत्सवात तरुणांच्या गोंगाटामुळे कार्यक्रमाला गालबोट लागलं. गालबोट कुणी लावलं? जनरेटर बंद करणाऱ्यांचं बातमीत नावही नव्हतं, पोरं मात्र हुल्लडबाज ठरली. बातमी देणारा माणूस आयोजकांच्या शेजारी खुर्चीवर बसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. मी तेव्हा खुलासा लिहून पाठवला, तो आपण छापला नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या घरी कुणीतरी ते कात्रण नेऊन दाखवलं. पोलीस व्हायचं तर पेपरात असं नाव येऊन कसं चालेल, म्हणून त्याच्या मायने त्याची तालीम बंद केली. बातमीत त्याचं नाव नव्हतं, पण गावात चार पोरं कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो गातो. त्याच्याशिवाय गाणं उभं राहत नाही.

ज्या पेपरने हे केलं, त्याच पेपरच्या पुरवणीत वर्षभराने लिहून येतं की खेड्यात अशा गाण्यांना कान नाहीत! इंग्लंडातल्या गाण्याला रेडिओने नाकारलं म्हणून आपले लेखक हळहळतात. आमच्या पोरांच्या वेळी ते कुठे होते?

माझी मागणी साधी आहे. तो खुलासा तालुक्याच्या पानावर, बातमी होती तेवढ्याच जागेत छापा. लेखकाने एकदा आमच्याकडे यावं. गोडाउन उघडून देतो, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं आणि मग वाट्टेल ते लिहावं. वाईट लिहिलं तरी चालेल, पण पूर्ण ऐकून लिहावं.

जाता जाता आणखी एक. तालुक्याचं ते पान हल्ली पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या शुभेच्छांनीच भरलेलं असतं. पूर्वी त्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीचे बाजारभाव यायचे. एसटीने पेपर दुपारी आला तरी लोक आधी तेच पाहायचे. ते भाव पुन्हा सुरू करा.

आपला,
एक नियमित वाचक
(मंडप व साउंड व्यावसायिक), जि. यवतमाळ