ताई, त्या एका बटणासाठी थँक्यू!

ताई,

थँक्यू मेसेजवर पण म्हणता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तू सांगितलेलं छोट्या धंद्याची वेबसाइट चालवणाऱ्या कुणाच्याही कामी येईल आणि तू स्वतःहून काही सांगत फिरणार नाहीस.

माझ्या धंद्याची वेबसाइट तुला दाखवायला बसले, तर लॅपटॉप तू बाजूलाच सारलास. मोबाइल एका हातात धरून अंगठ्याने स्क्रोल करत म्हणालीस, आता मी नेमकं काय करू ते सांग. कॉल करा, कोटेशन, कॅटलॉग, फॉलो करा, सगळी बटणं एकाच साइझची, एकाच रंगाची, सगळेच ओरडतायत मग ऐकायचं कुणाचं? तू कोटेशनचं एकच भरीव रंगाचं ठेवलंस, कॅटलॉगला नुसती बॉर्डर दिलीस, बाकी सगळं फुटरमध्ये, म्हणजे पेजच्या अगदी तळाशी. मला पेज जरा रिकामं वाटतं अजून, पण असू दे.

रंगावरून आपली केवढी जुंपली होती! लाल की हिरवा यात काही जादू नसते, आजूबाजूला तो रंग दुसरीकडे कुठे नको आणि अक्षरं वाचता आली पाहिजेत, एवढंच तुझं म्हणणं. फिक्या पिवळ्यावरची पांढरी अक्षरं रंग तपासायच्या ऑनलाइन चेकरमध्ये टाकून दाखवलीस, कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) निदान ४.५:१ लागतो, आपला जवळपास पण नव्हता. बटणाच्या साइझचंही तसंच, ॲपल ४४ पॉइंट म्हणतं, अँड्रॉइडवाले ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं), त्याहून बारीक केलं की अंगठा शेजारच्यावर पडणार. आणि तो चॅटचा गोल आयकॉन बरोब्बर बटणावर येऊन बसत होता, तो फक्त तुलाच दिसला 😄

पण मला सगळ्यात आवडलं ते दाबल्यानंतरचं. ‘सबमिट’ काढून ‘कोटेशन मागवा’ केलंस, दाबलं की तेच बटण बंद होऊन ‘पाठवतोय…’ दाखवतं, मग खाली ‘मिळालं, फोन करतो’ असं येतं. आधी काहीच हलायचं नाही म्हणून लोक परत परत दाबायचे आणि एकाच माणसाच्या तीन-तीन चौकशा येऊन पडायच्या, ते आता बंद झालंय.

ए/बी टेस्टचा, म्हणजे अर्ध्या लोकांना एक पेज आणि अर्ध्यांना दुसरं दाखवून कुठलं चालतं ते बघायचा नाद पण तूच सोडवलास, एवढ्या थोड्या व्हिजिटर्सवर निकाल म्हणजे नाणेफेक, त्यापेक्षा दोन ओळखीच्यांच्या हातात फोन दे आणि गप्प बसून बघ म्हणालीस. गप्प बसणंच अवघड आहे गं!

आता फॉर्म दाखवायचाय. त्यात पत्ता, पिनकोड, कंपनीचं नाव सगळंच विचारलंय, तर जरा हळू ओरड.



तुझीच, धाकटी