जाहिरातीत इंचांबरोबर पिक्सेलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या पुरवण्यांत टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात. त्यांत किंमत, मासिक हप्ता आणि इंच तेवढे ठळक असतात. पडद्यावर आडवे-उभे किती पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके आहेत, हे छापलेच तर तळाशी बारीक टायपात. नुसता टीव्ही पाहणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. परंतु दिवसा मुलांच्या अभ्यासासाठी संगणकाला आणि रात्री बातम्या-मालिकांसाठी सेट टॉप बॉक्सला एकच पडदा जोडायचा, असा हिशेब लहान जागेत राहणारी कुटुंबे करतात आणि नेमकी त्यांचीच इथे फसगत होते.

३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीवर साधारणतः १३६६ बाय ७६८ पिक्सेल असतात, म्हणजे एका इंचात जेमतेम ४९. २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल) मॉनिटरवर हेच प्रमाण इंचाला सुमारे ९२ पडते. दहा फुटांवरून क्रिकेटचा सामना पाहताना हा फरक डोळ्यांना खुपत नाही. दोन फुटांवर बसून वाचायला घेतले, की ‘राष्ट्रीय’मधल्या जोडाक्षराचा गोळा होतो आणि ‘सर्वांत’मधला रफार व अनुस्वार एकमेकांत मिसळतात. रोमन अक्षरे अशा पडद्यावर कशीबशी निभावून नेतात, पण देवनागरीचे कितीतरी काम शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी चालते, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला त्याचा अधिक त्रास होतो.

दुसरी अडचण दुकानात सहसा कोणी सांगत नाही. अनेक टीव्ही चित्रातील उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळी ठेवतात, रंगाची मात्र शेजारच्या पिक्सेलांना मिळून एकच वापरतात. चित्रपटात ते कळतही नाही; निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांच्या कडा मात्र फिसकटतात. काही टीव्हींत संगणक लावलेल्या एचडीएमआय जोडणीला (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी) सेटिंगमध्ये ‘पीसी’ असे नाव दिले, की हा दोष जातो. काहींत तो जातच नाही. म्हणून दुकानातल्या पडद्यांवरील भडक रंगांच्या फुलपाखरांवर न भुलता स्वतःचा लॅपटॉप सोबत न्यावा, एचडीएमआयने जोडून बारीक मराठी मजकुराचे पान उघडावे आणि खुर्ची ओढून जवळून वाचून पाहावे. संगणकाच्या चित्रातली तळाची पट्टी कडेला कापली जाते का, तेही तेव्हाच दिसते. विक्रेत्याने कुरकुर केली तरी हा आग्रह सोडू नये.

‘एलईडी’ या नावाने विकला जाणारा नेहमीचा टीव्हीही एलसीडीच असतो, फक्त त्याच्या पाठीमागचा प्रकाश एलईडीचा असतो. विचारायचेच तर पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र उमटवणारा थर, आयपीएस प्रकारचा आहे की व्हीए, हे विचारावे. आयपीएसवर बाजूला बसलेल्यालाही रंग बरे दिसतात. व्हीएवर काळा रंग अधिक गडद, पण तिरपे पाहिल्यास चित्र फिके पडते.

माझे स्पष्ट मत असे, की घरात रोज वाचन-लेखन होणार असेल तर पडदा संगणकाच्या गरजेने निवडावा, कारण चित्रातली उणीव अंतराने झाकली जाते, अक्षरातली झाकली जात नाही. ४३ इंची ४के (३८४० बाय २१६० पिक्सेल) पडद्यावर इंचाला शंभराच्या वर पिक्सेल मिळतात आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने तो पर्याय विचारात घेण्याजोगा झाला आहे. मात्र त्यासाठी पडदा आणि खुर्ची यांत पुरेसे अंतर हवे. टेबलालगत ठेवल्यास मान सतत फिरवावी लागते. तसेच ४के चित्र सेकंदाला ६० वेळा उमटायला संगणकाची एचडीएमआय जोडणीही किमान २.० दर्जाची लागते; १.४ वर ते ३० वरच थांबते आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो.

आपल्या जाहिरात विभागाने टीव्हीच्या प्रत्येक जाहिरातीत इंचांच्या शेजारी, त्याच आकाराच्या टायपात, पिक्सेलसंख्या आणि पॅनेलचा प्रकार छापण्याचा आग्रह जाहिरातदारांकडे धरावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे