मनूस, टटल जजसाहेबांबद्दल

प्रिय मनू,

परवा फोनवर म्हणालीस ना की अपील कोर्टात नुसते कागद, ना साक्षीदार ना उलटतपासणी, तिथे कसला जीव, तेव्हापासून डोक्यात एकच माणूस घोळतोय, तुझ्या अटलांटाचेच एल्बर्ट टटल. फोर्साइथ स्ट्रीटवरच्या तुमच्या फेडरल अपील कोर्टाच्या बिल्डिंगला त्यांचंच नाव आहे बघ.

वकिली करताना त्यांनी एका मरीन सैनिकाची केस फुकट लढवली, खोट्या नोटांचा आरोप आणि वकील नसतानाच शिक्षा ठोकलेली, 1938 मध्ये थेट सुप्रीम कोर्टातून निकाल आणला. मग महायुद्ध, ओकिनावाजवळ जखमी झाले. 1954 ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी फिफ्थ सर्किटवर नेमलं, म्हणजे तेव्हा टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत सहा राज्यांची अपिलं ऐकणारं फेडरल कोर्ट, 1960 ते 67 चीफ जज.

आता हे नीट वाच. जानेवारी 1961, जॉर्जिया युनिव्हर्सिटीत दोन काळ्या मुलांना ॲडमिशन द्या असा खालच्या कोर्टाचा हुकूम झाला, मग त्याच जजने अपिलासाठी स्टे दिला, आणि टटलनी तो स्टे त्याच दिवशी उठवला!! मे 1963 ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात गेली म्हणून हजाराहून जास्त मुलं शाळेतून काढली, खालच्या कोर्टाने दाद दिली नाही, मुलांचे वकील अटलांटाला धावले, टटलनी त्याच दिवशी ऐकून घेतलं आणि मुलांना परत घ्या म्हणून हुकूम दिला. शेवटच्या वर्षाची मुलं होती गं त्यात, पुढची तारीख पडली असती तर वर्षच गेलं असतं त्यांचं.

मी रोज कोर्टात उभा राहतो, तारखा घेऊन घेऊन पक्षकार कसा खचतो ते बघतो, म्हणून मला या माणसाचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, निकाल बरोबर तर हवाच पण तो माणसाच्या उपयोगी पडेल तेव्हा हवा. तिकडे फेडरल जज तहहयात असतो, निवडणुकीला उभं राहायचं नसतं, त्या जोरावर हे करता आलं हेही खरं, पण तो जोर वापरायची हिंमत लागतेच की.

तर एकदा त्या बिल्डिंगमध्ये जाऊन मागे बस, युक्तिवाद कुणालाही ऐकता येतो. तीन जज वकिलाला मधेच कसे अडवतात, काय विचारतात ते मला फोन करून सांग, इकडे मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझा
बाबा