वेगळी चूल

सोलापूर,
८ ऑक्टोबर २०२३

प्रिय शैला,

दीड वर्षात तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल तू जे काही बोलशील ते मी मुकाट्याने ऐकून घेईन. माझी तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे. आज लिहायला बसले ते १९९३ च्या दिवाळीच्या सुट्टीत, किल्लारीच्या भूकंपानंतर मदतीला आणि घरांच्या पाहणीला गेलो असताना त्या लिंबाखाली आपण भांडलो होतो, त्या भांडणासाठी. शैला, तुझे बरोबर होते.

३० सप्टेंबरला मी आपण पाहणी केली त्या गावी जाऊन आले. भूकंपाच्या त्या पहाटेला तीस वर्षे झाली, म्हणून उमरग्याला उतरून रिक्षा केली. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्या आहेत, मधूनच एखाद्या वाड्याची दगडी चौकट उभी दिसते. मी त्या चौकटीपाशी बराच वेळ उभी होते. दोन-अडीच फूट रुंदीच्या, नुसत्या मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर वर्षानुवर्षे थर चढवलेले मातीचे माळवद. गणपती विसर्जन करून दमून निजलेली माणसे चारच्या सुमारास त्याखाली सापडली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्के बसले होते, तेव्हा लोक काही दिवस बाहेर निजले आणि मग सवयीने पुन्हा आत गेले, हे आपल्याला सांगणारे ते म्हातारे बाबा मला आठवले.

नव्या गावात रस्ते रुंद आहेत, घरे ओळीने आहेत. मारुतीच्या देवळामागे एका पत्र्याच्या शेडसमोर एक म्हातारी तूर निवडत बसली होती. मी पुढे गेले, तशी तिने हाक मारली, ‘‘तुमीच का ओ त्या लिवणाऱ्या बाई?’’

मी ओळखले नाही, शैला. तिने आत जाऊन एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, दिराच्या सातबाऱ्याची झेरॉक्स आणि त्याखाली घडीवर फाटत आलेली आपल्या पाहणीच्या फॉर्मची पिवळी प्रत. निळ्या शाईतले अक्षर माझे. ज्या अक्षराचे सगळे कौतुक करायचे आणि ज्यामुळे लिहायचे काम माझ्याकडे आले, तेच ते अक्षर. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात दिराचे नाव, आणि खाली पाचव्या ओळीत ‘भावजय, विधवा, १ मुलगी’. तिचे नावसुद्धा मी लिहिले नव्हते.

आता तुला आठवले असेल. ती त्या वेळी तेवीस-चोवीस वर्षांची असेल, नवरा ढिगाऱ्याखाली गेलेला, आणि दिराच्या तंबूशेजारी तीन दगड मांडून ती वेगळी भाकरी करत होती. तू मला म्हणालीस, ‘‘घर तर पडलंय, आता चुली मोज.’’ आणि मी म्हणाले की, फॉर्मवर एका घराला एकच ओळ आहे, आपण नियम बदलायला आलेलो नाही. मग दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या रात्री तुझ्या घोरण्याने मंडपातल्या मुली धक्का बसला समजून बाहेर पळाल्या, तेव्हा कुठे आपण दोघी हसलो आणि भांडण मिटले असे मी समजले.

ते मिटले नव्हते. बावन्न गावे दुसरीकडे वसवायची ठरली, तेव्हा घर किती मोठे द्यायचे हे जमिनीवर ठरले, हे तुला माहीतच आहे: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. जमीन तेव्हा सासऱ्याच्या नावावर, वाटणी झालेली नाही, म्हणून त्या घराला एकच ४०० चौरस फुटांचे घर मिळाले. तिची चूल वेगळी मोजली असती, तर निदान भूमिहीन म्हणून २५० फुटांसाठी तिला भांडता आले असते. सहा वर्षे ती दिराच्या ओसरीवर राहिली. पुढे त्याच्या मुलांची लग्ने झाली, जागा पुरेना, आणि ती या शेडमध्ये आली. पत्रा उन्हात इतका तापतो, की वैशाखात ती दुपारभर देवळात जाऊन बसते.

तिने मला एकही वाकडा शब्द ऐकवला नाही. फक्त त्या पाचव्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ‘‘माजं नाव हितंच हाय का?’’ तिला वाचता येत नाही. तीस वर्षे तिने तो कागद त्यात आपले नाव आहे म्हणून जपला होता. मी काय उत्तर दिले ते इथे लिहवत नाही.

त्या रात्रीपासून मला एकच गोष्ट छळते आहे. आपण पिठले-भाकरी वाढली, औषधे दिली, ताडपत्र्या बांधल्या, त्यातले काहीही वाया गेले असे मला वाटत नाही. पण मदत कुणापर्यंत पोचणार हे ज्या कागदावर ठरणार होते, तो कागद आम्ही पुरुषांना विचारून भरला. पुढे ज्या गावांत घरे न हलवता दुरुस्त केली, तिथे महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघरी फिरल्या, भिंतीला कुठे आडवे दगड घालायचे, पैसे कुठे अडकले, हे त्यांनी बायकांना विचारले. तेच एकवीस वर्षांची तू त्या लिंबाखाली सांगत होतीस, आणि मी तुला ‘कामात खोडा घालू नकोस’ म्हणाले. हा शब्द मी मागे घेते.

तुझ्या मेघनाचा साखरपुडा झाल्याचे कळले, फार आनंद झाला. गुडघ्याचे ऑपरेशन लांबवू नकोस.

आता एक काम. तुझ्याकडे ती दोनशे पानी वही आहे ना, जिच्यात माझ्यावर चिडून तू रात्री कंदिलाच्या उजेडात चुलींची वेगळी यादी केली होतीस? तिच्यात त्या बाईचे नाव तिच्या स्वतःच्या ओळीवर असणार. घरकुलाच्या अर्जाला त्या वहीचा उपयोग होईल असे मी म्हणत नाही. तो अर्ज मी भरून दिला आहे, या वेळी तिच्या नावाने, आणि त्याच्यामागे मी लागणार आहे. पण ते नाव मला तिला दाखवायचे आहे. वही पोस्टाने पाठवू नकोस, घेऊनच ये. सोलापूर-उमरगा गाडी सकाळी मिळते, आपण दोघी बरोबर जाऊ.

तुझी,
कुसुम