स्वभावाला औषध नाही, असे न म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

चाळिशीच्या उंबरठ्यावर आपण माझे एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे, स्वस्थ बसणे आणि स्वतःला आवरणे कठीण करणाऱ्या विकाराचे, निदान केलेत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, माझ्यासारख्या कितीतरी बायकांची ‘हळवी’, ‘तापट’, ‘नाटकी’ एवढ्यावरच बोळवण होते. स्वभावाला औषध नाही, हे मी माहेरी ऐकले, सासरीही ऐकले आणि पुढे तेच खरे धरून चालले.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी नैराश्याच्या गोळ्या घेत होते आणि एका ठिकाणी बायपोलरची, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्या येणाऱ्या विकाराची, शंकाही काढली गेली होती. आपण मात्र पहिल्याच भेटीत विचारलेत, ‘हे कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते?’ मी सांगितले की, साहेब ‘हे आकडे पुन्हा एकदा तपासा’ एवढेच म्हणाले तरी माझे कान तापतात, घसा दाटून येतो, सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी उभे राहते आणि जेवणाच्या सुट्टीत मी मैत्रिणींबरोबर डबा उघडून हसत बसलेली असते. बायपोलरमधला सौम्य उन्मादसुद्धा निदानासाठी सलग किमान चार दिवस टिकावा लागतो. माझ्या भावना मात्र निमित्त मिळताच उसळतात आणि थोड्या वेळात ओसरतात, हा फरक आपण कागदावर रेषा काढून समजावलात. त्या कागदाने मला जेवढा धीर दिला, तेवढा आजवरच्या कोणत्याही उपदेशाने दिला नव्हता.

लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, म्हणून आपण शाळेतली प्रगतिपुस्तके मागितलीत. आईने ती ट्रंकेतून शोधून काढली. चौथीच्या बाईंचा शेरा होता: ‘हुशार आहे, पण लक्ष खिडकीबाहेर. जरा बोलले की रडते.’ वर्गात धुडगूस घालणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीला कोणी डॉक्टरांकडे नेत नाही.

आपल्या सांगण्यावरून मी नंतर बरेच वाचले. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये अशा मुलांचे वर्णन केले, त्यात अनावर रागाचा उल्लेख होता. पण 2013 च्या अमेरिकी निदान-नियमावलीत विकाराचे मुख्य निकष अवधान, अतिचंचलता आणि उतावीळपणा एवढेच आहेत, भावनांचा भडका केवळ सोबतचे लक्षण म्हणून येतो. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला सगळ्यात महाग पडते ते नेमके हेच लक्षण, त्यामुळे ही मांडणी मला अपुरी वाटते.

पाळीच्या तारखा आणि भडक्याचे दिवस एकाच वहीत लिहायला आपण सांगितलेत, आणि पाळीआधीचा आठवडा त्या वहीत आपोआप उठून दिसू लागला. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरते तेव्हा मेंदूतल्या डोपामिन या लक्षाशी निगडित रसायनावरही त्याचा परिणाम होत असावा, हे आपण तेव्हा सांगितलेत. आता त्या दिवसांत मी महत्त्वाच्या बैठका शक्यतो ठेवत नाही.

मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध सुरू करताना आपण रक्तदाब आणि नाडी तपासलीत, आणि या औषधाने लक्ष जेवढे सुधारेल तेवढ्या भावना आवरतीलच असे नाही, हेही स्पष्ट सांगितलेत. म्हणून समुपदेशनात कान तापू लागले की थांबण्याचा सराव करून घेतलात. यांनाही आपण एकदा बोलावून घेतलेत आणि मी ‘थोड्या वेळाने बोलते’ म्हटले की मागे यायचे नाही, असे ठरवून दिलेत. पूर्वी अशा वेळी हे दारापर्यंत समजूत घालत येत आणि वाद आणखी चिघळे. आता हे कुकर लावायला घेतात, मी गॅलरीत जाऊन उभी राहते, आणि परत आल्यावर तेच बोलणे आम्ही साध्या आवाजात पुरे करतो. लेकीनेही हे पाहून ठेवले आहे. परवा चिडल्यावर तीच म्हणाली, ‘आई, मी थोड्या वेळाने बोलते.’

हा विकार बऱ्याचदा घराण्यात चालतो, हे आपल्याकडून कळल्यापासून माझी धाकटी बहीण अस्वस्थ आहे. तिची वेळ पुढच्या महिन्यात घेतली आहे. वही लिहायला तिने आतापासूनच सुरुवात केली आहे.

आपली कृतज्ञ,
आपली एक रुग्ण