परत दिलेल्या १९ हेडबँडसाठी थँक्यू, सिस्टर

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण कोणाचं पत्र आहे ते तुम्हाला लगेच कळेल. तुमच्या वॉर्डातल्या अकाली जन्मलेल्या बाळांसाठी २४ क्रोशाचे हेडबँड घेऊन आले होते आणि तुम्ही त्यातले १९ मला परत दिले होते, तीच मी. खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच.

मी हे का सुरू केलं ते तुम्हाला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. माझी भाची २९व्या आठवड्यात झाली, वजन ११०० ग्रॅम. ताई रोज काचेच्या पेटीपाशी जाऊन उभी राहायची आणि बाहेर आली की एकच म्हणायची, मला तिचा चेहरा दिसतच नाही गं, नुसत्या नळ्या आणि चिकटपट्ट्या दिसतात. तिने बाळाचा एकही फोटो काढला नव्हता. मग एक दिवस कोणीतरी बाळाच्या डोक्याला पिवळी क्रोशाची पट्टी घातली, कोणी विणली होती ते आम्हाला आजही माहीत नाही, आणि त्या दिवशी ताईने पहिला फोटो काढला आणि मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "बघ, मुलगी". तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. भाची आता धावते, बोलते, सगळं ठीक आहे. मला क्रोशे येत होतंच थोडंफार, म्हटलं आपणही करूया.

तर मी पिशवी घेऊन तुमच्याकडे आले. मण्यांची फुलं, सॅटिनच्या बो, आतून इलॅस्टिक, दोन-चार तर मऊ केसाळ लोकरीचे, मला ते सगळ्यात आवडले होते. दुसरं कोणी असतं तर "अरे वा, छान" म्हणून पिशवी घेतली असती आणि कपाटात टाकली असती. मीही खूश होऊन घरी गेले असते आणि तसेच अजून पन्नास विणले असते. तुमची ड्यूटी संपली होती, पाठीला पर्स लावलेली होती, तरी तुम्ही खुर्ची ओढून बसलात. त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही एक हेडबँड उलटा केलात, माझा हात ओढून घेतलात आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तो दाबून धरलात, आणि बोलत राहिलात, किती आठवड्यांची बाळं आहेत वगैरे. मग काढून म्हणालात, आता बघा. माझ्या कातडीवर टाके न् टाके उमटले होते, इलॅस्टिकची रेघ तर लालच. तुम्ही म्हणालात, तुमचं पाच मिनिटांत जाईल, आमच्या बाळांची कातडी इतकी पातळ असते की चिकटपट्टी काढतानासुद्धा आम्ही श्वास धरतो, आणि कवटीची हाडं मऊ. मला एकदम पोटात कालवलं. मग तुम्ही एका फुलाचा मणी चिमटीत धरून ओढलात आणि तो तुमच्या हातात आला. काही बोलला नाहीत, नुसता टेबलावर ठेवलात. केसाळ लोकर बोटाने चोळून उडालेली तूस मला दाखवलीत, ती बाळाच्या नाकाशी गेली तर काय ते सांगावं लागलंच नाही. जाळीचे होते ते पण बाजूला, कारण काडीसारखी बोटं असतात, भोकात अडकली की सुटत नाहीत, आणि सुटलेला एक धागा बोटाला गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी शोधलंही नव्हतं, सुंदर दिसतंय ना एवढंच बघत होते.

आणि मी म्हटलं, पण ऊब तर मिळते ना? तेव्हाचं तुमचं उत्तर मी कधी विसरणार नाही. ऊब इनक्युबेटर देतो, टोपी देते, आईची छाती देते, या बाळांच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं म्हणून ती पटकन गार पडतात, एवढ्याशा पट्टीने त्यात फरक पडत नाही. पट्टी आईसाठी असते. तिला बाळ दिसावं म्हणून. आणि आईसाठी आहे म्हणूनच तिचा बाळाला इतकुसासुद्धा त्रास व्हायला नको. मला ताईचा तो फोटो आठवला आणि मी तिथेच रडायला लागले, तुम्ही पाणी आणून दिलंत, ते पण लक्षात आहे.

मग एका चिठ्ठीवर मापं लिहून दिलीत. २४ आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण २२ सेंमी, २८ला २६, ३२ला २९, ३६ला ३२-३३. ती चिठ्ठी माझ्या सुयांच्या डब्यात झाकणाला आतून चिकटवलीये. मी आणलेले सगळे पूर्ण दिवसांच्या बाळाचे होते, ३५चे! जे पाच तुम्ही ठेवून घेतलेत ते सुती, साधे होते म्हणून, मोठ्या झालेल्या बाळांना होतील म्हणालात.

आता कशी करते ते सांगते, तुम्हाला बरं वाटेल. फक्त बारीक सुती दोरा. रुंदीला दहा-बारा साखळ्या, मग प्रत्येक ओळीत टाक्याच्या मागच्या धाग्यातून मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, त्याने पट्टी आपोआप ताणता येते, इलॅस्टिक लागतच नाही. घट्ट विणायची माझी सवय होती, ती मोडायला महिना गेला, सुई एक नंबर मोठी घेतली तेव्हा कुठे जमलं. जोड सपाट, टोकं तीनदा उलटसुलट ओवून मगच कापायची. फूल हवंच असेल तर त्याच दोऱ्याचं, चपटं, सगळ्या बाजूंनी शिवून टाकलेलं. आणि शेवटी पट्टी त्या मापाच्या गोल वस्तूवर चढवून खाली करंगळी घालून बघते, आरामात आत गेली नाही तर पूर्ण उसवते, कितीही छान झालेली असली तरी. मग बिनवासाच्या साबणाने गरम पाण्यात धुते, सॉफ्टनर नाही, वाळली की मापाप्रमाणे वेगवेगळ्या बंद पिशव्यांत. तुम्ही पुन्हा धुताच, तरीही.

पट्टी घालायची का, कधी घालायची ते तुम्हीच ठरवता हेही मला आता कळतं. टाळूतून सोनोग्राफी असते, कोणाच्या डोक्याला सलाईन असतं, कोणाची श्वासाची नळी टोपीला बांधलेली असते, तेव्हा पट्टी तशीच पिशवीत राहते आणि ते बरोबरच आहे. घरी जाताना प्रत्येक आईला तुम्ही बजावता ना, झोपेत बाळाच्या डोक्याला काही ठेवायचं नाही, घसरून नाकावर येतं, गळ्यात जातं, बाळ तापतं, तेच मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या चौघीजणींना पहिल्याच दिवशी सांगते. त्यांची मनगटंही दाबते, तुमच्यासारखीच.

अजून एक. गेल्या वेळी तुम्ही हळूच म्हणाला होतात, पांढऱ्या करा थोड्या, अगदी लहान मापाच्या, आणि एकसारख्या दोन-दोन. एक बाळाबरोबर जाते, एक आईकडे राहते. मी काही विचारलं नाही, तुम्हीही पुढे बोलला नाहीत. त्या करताना मी टीव्ही लावत नाही, कोणाशी बोलत नाही. चार जोड्या झाल्यात, २२च्या दोन आणि २४च्या दोन. त्यांना वेगळी पिशवी केलीये, वर काही लिहिलेलं नाही, तुम्हाला कळेल.

१७ नोव्हेंबरला, अकाली जन्मलेल्या बाळांच्या दिवशी, तुमच्या वॉर्डात सगळं जांभळं असतं म्हणालात, तर जांभळा सुती दोरा आणून ठेवलाय, २६ आणि २९च्या जास्त करते. आधीच्या आठवड्यात घेऊन येईन. तुमची ड्यूटी संपायच्या वेळेलाच येते, आणि आधीसारख्याच एकेक करून तपासा, जी नको ती परत द्या.

तुमची,
हेडबँडवाली