गोठ्यापुढच्या जमिनीसाठीही तरतूद हवी

संपादक महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या भागांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोठ्याच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंतची जागा वाळतच नाही. पाऊस, शेण, मूत आणि जनावरांची ये-जा यांमुळे तिथे घोटा बुडेल एवढी राड होते. पावसाळ्यात चिखल व्हायचाच, असे म्हणून आम्ही पशुपालक ती सोसतो आणि दूध का उतरले याचा हिशेब करताना तिच्याकडे लक्षही देत नाही. हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते, आणि गोठ्यासाठी सरकारी अनुदान मिळते तेव्हा त्यात गोठ्यापुढच्या जमिनीचाही समावेश असायला हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सतत ओले राहून खूर मऊ पडतात, बेचक्यातली कातडी सोलवटते, तिथून जंतू शिरतात आणि जनावर लंगडू लागते. लंगडणारी गाय गव्हाणीपर्यंत यायला नाखूश असते, म्हणजे चारा कमी आणि दूधही कमी. कासेचे दुखणे तर याहून महागात पडते. धार काढल्यानंतर साधारण अर्धा तास सडाचे तोंड पुरते मिटलेले नसते. त्या वेळात जनावर शेणचिखलात बसले की कासदाहाला, म्हणजे आपल्या नेहमीच्या दगडीला, वाट मोकळी होते. म्हणून जाणती माणसे धार होताच वैरण टाकून जनावर उभे ठेवतात. पण उभे राहायची जागाच राडीची असेल तर शिंतोडे कासेपर्यंत उडतातच. दुभत्या जनावराला दिवसाचे दहा-बारा तास बसायला मिळावे लागतात, आणि ओल्या जागी ते बसायचे टाळते. शेण काढणाऱ्या बायकांच्या पायांना चिखल्या होतात, आणि जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात भेगाळलेल्या अनवाणी पायांनी वावरल्यास लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो, तो वेगळाच.

म्हशीला चिखल आवडतोच, असे यावर ऐकायला मिळते. म्हैस उन्हाळ्यात डुंबते ती अंग थंड करण्यासाठी, कारण तिला घाम फार कमी येतो. शेणामुताच्या राडीत तिला रात्रंदिवस उभे ठेवणे ही निराळी गोष्ट आहे.

उपाय अवघड नाहीत, पण त्यांचा क्रम चुकून चालत नाही. आधी पाणी वळवावे लागते. सत्तावीस चौरस मीटरच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 2,700 लिटर पाणी पागोळ्यांवाटे नेमके दारात सांडते. आमच्याकडे भर पावसाळ्यात असे दिवस नवलाचे नसतात. त्यामुळे छपराला पन्हळ लावून ते पाणी दूर सोडणे आणि वरच्या अंगाने चर काढून उताराचे पाणी अडवणे, ही दोन कामे मुरमाचा थर टाकण्याच्याही आधीची. त्यानंतर असलेला चिखल घट्ट जमीन लागेपर्यंत खरवडून काढावा, खाली डबर, म्हणजे ओबडधोबड दगड, बसवावा, वर मुरूम टाकून धुमसाने चोपावा आणि शंभर फुटांना दोन-तीन फूट असा उतार गोठ्यापासून बाहेर ठेवावा. दारापुढे वीस फूट बाय दहा फूट जागेवर सहा इंचांचा थर द्यायला एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, मुरूम लागतो. चिखलावरच मुरमाची ट्रॉली रिकामी केली तर तो खाली जातो, आणि शिरोळकडच्या काळ्या जमिनीत तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत दिसतही नाही. चांगला पैसा घालून पुन्हा तोच चिखल पाहण्याची पाळी अनेकांवर येते ती यामुळेच.

राज्य सरकारने 2021 साली शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून पक्क्या गोठ्यांना मदत देण्याचे ठरवले, ही चांगलीच गोष्ट झाली. दोन ते सहा जनावरांच्या गोठ्यासाठी 7.7 मीटर लांबी, 3.5 मीटर रुंदी, गव्हाण, 250 लिटरचे मूत्रसंचय टाके आणि 200 लिटरची पाण्याची टाकी असे तपशील त्यात बारकाईने दिले होते. पण छपराखालची फरशी कोरडी असली, तरी पाणी प्यायला बाहेर पडलेले जनावर तिसऱ्या पावलाला राडीत उतरत असेल, तर त्या फरशीचा उपयोग निम्माच होतो. गोठ्याच्या अंदाजपत्रकात पन्हळ, चर आणि दारापुढचा डबर-मुरमाचा पट्टा यांचा खर्च धरावा, अशी माझी विनंती आहे.

मुरूम हे गौण खनिज आहे आणि तो उचलायला परवानगी लागते. एक-दोन ब्रासची गरज असलेल्या पशुपालकाला त्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालायला लावू नयेत. ग्रामपंचायतीने अर्ज एकत्र करून मार्चमध्ये पाठवले आणि एप्रिलअखेर परवानगी मिळाली, तर मे महिन्यात काम उरकून मृगाच्या आधी थर चोपून घट्ट होईल. पावसाळा लागल्यावर मिळालेली परवानगी त्या वर्षी तरी कामाची नसते.

आपला,
एक पशुपालक
राधानगरी तालुका, जि. कोल्हापूर